नानाजींचा सहा फुटी चेक

सोनखांबच्या नानाजींना आवाज देताना देवाने हात आखडता घेतला नाही. त्यांनी मारेगावच्या बाजारात भेंडीचा भाव विचारला, की झरी जामणीच्या जंगलातली हरणं मान वर करून बघत. अशा माणसाला माईक कशाला लागतो? पण ज्याला पोहता येतं त्यालाच विहीर दिसली की राहवत नाही. गावात लग्न असो, तेरवी असो, नाहीतर पोरांना डोस पाजायला नर्सबाई आलेली असो, माईक दिसला की नानाजी उठत. एका तेरवीत त्यांनी मयताचे इतके गुण सांगितले, की मयताची बायको उठून हार घातलेला फोटो नीट पाहून आली.

घरात मात्र माईक नव्हता. घरात विमलताई होत्या. कापूस विकला, तूर विकली, की पैसा विमलताईंच्या खात्यात जमा. नानाजींच्या खात्यात जमा व्हायची ती गॅसची सबसिडी. तरी चेकबुक त्यांनी काढलं होतं, आणि ते सदऱ्याच्या वरच्या खिशात असं ठेवायचे की निम्मं बाहेर दिसेल. त्यातलं एक पानही फाटलेलं नव्हतं. ते फाडायला नव्हतंच, दाखवायला होतं.

आता बैलांच्या शर्यतींना कोर्टाने परवानगी दिली आणि सोनखांबचा बंद पडलेला शंकरपट पुन्हा भरला. तीन दिवसांचा पट, एका जोडीची पाचशे रुपये फी. पहिल्या दिवशी नारळ फोडायला नानाजी मंचावर चढले. पहिलं बक्षीस किती, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. कमिटीने अकरा हजार ठरवले होते.

"पहिलं बक्षीस, अकरा हजार!" नानाजी म्हणाले. टाळ्या पडल्या.

टाळी कानात गेली की नानाजींचं डोकं फिरायचं. ते म्हणाले, "अकरा? अकरा कायले? माह्याकडून एकवीस!" जास्त टाळ्या. "एकवीस काहून? एकावन्न हजार! नानाजीच्या खिशातून!" आणखी दोनदा टाळ्या पडल्या असत्या तर दक्षिणेकडचं वावर गेलं असतं. नशीब, एवढ्यात जनरेटर बंद पडला.

कमिटी खूश. नानाजी त्याच दुपारी मारेगावला गेले. तिथे अंकुरचं फ्लेक्सचं दुकान आहे, वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळं छापतो. नानाजींनी चेकबुकातलं पहिलं पान त्याच्यासमोर धरलं.

"असाच पाह्यजे. पन सहा फुटाचा."

"काका, नमुन्याचा करून देतो ना. खात्याचा नंबर कायले टाकता?"

"अबे, नंबर नाई टाकला तं लोकाइले कसं समजन का चेक माहाच हाये? नंबरासगट टाक. शिक्क्यासगट टाक. बँकेचं नाव तं मोठंच कर!"

अंकुरने टाकलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, मागे लाकडी चौकट. जिंकणाऱ्याच्या नावाची जागा आणि सहीची जागा तेवढी कोरी.

आता जिंकणारा कोण, ते सांगतो. नाल्यापलीकडे तांडा आहे. तिथला भावसिंग राठोड. याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ लादून अर्धा मुलूख पालथा घातलेला, त्यामुळे बैलाच्या कानात काय बोलायचं हे भावसिंगला पाळण्यातच शिकवलेलं. त्याच्या जोडीची नावं तलाठी आणि ग्रामसेवक. कारण विचाराल तर, दोघंही जागेवर कधी सापडत नसत. तिसऱ्या दिवशी ही जोडी सुटली ती अशी, की बैल पोचले आणि त्यांच्या सावल्या दोन सेकंदांनी धापा टाकत आल्या. घड्याळवाल्याने कबूल केलं, की त्याने घड्याळ सुरू करायला अंगठा उचलला तो बंद करायलाच खाली आणला.

नानाजींनी मंचावर माईक एका हातात आणि जाड मार्कर दुसऱ्या हातात घेतला. "सगळ्याइनं पाहा! नाव लिहून राह्यलो, भावसिंग राठोड! आकडा वाचा, एकावन्न हजार! अन् ही सही कोनाची? माही! माह्या हातानं करून राह्यलो!" सही दीड फूट झाली. दोन हजार माणसांनी पाहिली, फोटो निघाले, भावसिंगने चेक डोक्यावर घेतला आणि घरी गेला.

इथेच घोटाळा झाला. आमच्याकडच्या पटाचा एक रिवाज आहे: मंचावर जे हातात दिलं ते घरी न्यायचं. कूलर दिला तर कूलर न्यायचा, पितळेचं घंगाळ दिलं तर घंगाळ. एका साली मोटारसायकल दिली होती, ती जिंकणाऱ्याला चालवता येत नव्हती, त्याने बैलगाडीत घालून नेली. दिलेली वस्तू फोटो काढून परत ठेवायची असते, ही रीत टीव्हीवाल्यांची. ती नानाजींना माहीत होती, भावसिंगला नव्हती.

तांड्यावर भावसिंगची बायको मोतीबाई चेकभोवती दोन फेऱ्या मारून आली. मागे वाकून पाहिलं.

"पैसे कुठं हायेत?"

"याच्यातच."

"मग इथं काहून ठेवला? घुंगरू बांधाचे हायेत का त्याले? चाल बँकेत."

सकाळच्या एसटीत कंडक्टरने चेककडे पाहिलं आणि तिकीट मागितलं. बायांना एसटीत अर्धं तिकीट. मोतीबाईचं अर्धं झालं, चेकचं पूर्ण झालं. मोतीबाई मारेगाव येईपर्यंत भांडत होती, की चेकच्या नावापुढे बाई लिहायला काय बिघडलं असतं.

बँकेच्या दाराला साखळी असते, एकेक माणूस वाकून आत जातो. चेक वाकेना. भावसिंगने चेक टाकायच्या पेटीची फट पाहिली, मग चेक पाहिला, आणि जाग्यावरून आवाज दिला, "साहेब, पेटी लहान पडून राह्यली!"

मॅनेजर बाहेर आले. तरुण होते, बदली होऊन आठच दिवस झालेले. आधी हसले. मग खातेनंबर खरा, चेकनंबर खरा, सही नमुन्याच्या सहीशी रेघेला रेघ जुळते, हे पाहून त्यांचं हसू गेलं. आत जाऊन कॉम्प्युटरवर खातं उघडलं. शिल्लक चारशे बारा रुपये.

"दादा, या खात्यात पैसेच नाहीत."

"तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"नाई म्हनता तं नाई म्हनून लिहून द्या. मी घरी काय सांगू, मॅनेजर हसले म्हनून?"

चेक परत करायचा बँकेचा एक छापील कागद असतो. त्यावर कारणांची यादी असते आणि एका कारणावर खूण करायची असते. मॅनेजरांनी ती यादी तीनदा वाचली. सही जुळत नाही, तारीख जुनी झाली, खाडाखोड आहे, सगळं होतं. 'चेक दारातून आत येत नाही' हे कारण नव्हतं. खोटं लिहायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' यावर खूण केली, शिक्का मारला आणि कागद भावसिंगच्या हातात दिला.

बँकेसमोरच निकिता वकीलबाईंचं नवं ऑफिस होतं. पाटी लावून दोन महिने झाले होते आणि आतापर्यंत आत आलेल्यांत एक पत्ता विचारणारा आणि एक बकरी. त्यांनी कागद वाचला, रस्त्यावर उभा केलेला चेक वाचला, आणि खुर्चीतून उठल्या.

"भावसिंगभाऊ, याला एकशे अडतीस कलम म्हणतात. चेक परत आला की तीस दिवसांत आपण नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले तर विषय संपला. नाही दिले तर फौजदारी. दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दुप्पट रकमेपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही."

"कैद? नानाजीले?" भावसिंग घाबरला. "मले फक्त पैसे पाह्यजे, बाई. मानूस नाई पाह्यजे."

"छेनी!" मोतीबाई मध्येच आपल्या बोलीत नाही म्हणाली. "मानूस तं फुकट देला तरी नोको!"

नोटीस रजिस्टरने सोनखांबला गेली. शहाण्या माणसाने ती घडी करून बायकोपासून लपवली असती. नानाजींनी ती ग्रामपंचायतीच्या माईकवर वाचून दाखवली. "गावकऱ्याहो! आपल्या गावात पह्यल्यांदा एवढी इंग्रजी आली!" शेवटच्या मराठी ओळीत 'दोन वर्षे कारावास' आलं तेव्हा आवाज थोडा खाली आला, पण वाचायचं सोडलं नाही.

घरी विमलताई तूर पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "आयकलं मी. कळंबपावतर आयकलं असन. कोन म्हनलं होतं एकावन्न?"

"अवो, तो फोटोचा चेक व्हता! सगळ्या जगाले समजते!"

"मंग जग देईन पैसे." सूप चालूच.

पंधरा दिवसांत नानाजींनी भावसिंगला पाच हजार, एक गोऱ्हा आणि जाहीर सत्कार देऊ केला. सत्काराचं ऐकून भावसिंग जास्तच घाबरला. सोळाव्या दिवशी मुदत संपली आणि निकिताबाईंनी मारेगावच्या कोर्टात फिर्याद टाकली.

नानाजींचा वकील त्यांचा भाचा कपिल. फी घेणार नव्हता, म्हणून तो ठरला. पोरगं हुशार होतं. तारखेच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती, सोनखांब आणि तांडा दोन्ही रिकामे होऊन आले होते. पुराव्याला नंबराची चिठ्ठी लावायची असते, ती लावली, पण चेक फाईलीत बसेना. भिंतीला टेकवला तर त्याच्यामागे पट्टेवाला दिसेनासा झाला. आडवा धरला तर न्यायाधीश मॅडमना आरोपी दिसेना. शेवटी दोन पोलीस शिपाई तो दोन्ही बाजूंनी धरून उभे राहिले.

"हा चेक आहे?" मॅडमनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून विचारलं.

"आहे, मॅडम," निकिताबाई म्हणाल्या. "बँकेचं नाव आहे, तारीख आहे, रक्कम आहे, घेणाऱ्याचं नाव आहे, देणाऱ्याची सही आहे. चेक केवढा असावा हे कलमात कुठं लिहिलंय?"

कपिल उठला. "मॅडम, हे बक्षीस होतं, कर्ज नव्हतं. फेडायचं देणं असेल तरच हे कलम लागतं."

"पाचशे रुपये फी घेऊन, माईकवर शब्द देऊन जोडी पळवली," निकिताबाई म्हणाल्या. "फी घेतली, शर्यत झाली, मग देणं झालं नाही का?"

मॅडमनी मान हलवली. कपिलने पुढचा कागद काढला. "मॅडम, करारांच्या कायद्यात पैजेचा पैसा वसूल करता येत नाही. शर्यतीच्या बक्षिसाला सूट आहे. पण ती घोड्यांच्या शर्यतीला! बैलांचा तिथं उल्लेख नाही. तलाठी आणि ग्रामसेवक हे घोडे नव्हते."

मॅडम थबकल्या. "तलाठी शर्यतीत पळाला?"

"हाव, मॅडम," भावसिंग हात जोडून उभा राहिला. "डाव्या बाजूनं. ग्रामसेवक उजव्या बाजूनं."

"दोघेही सरकारी नोकर?"

"नाई मॅडम, दोघंही आमच्या गोठ्यात असतात. अन् वकीलसाहेब घोडे नाई म्हनून राह्यले, ते आमच्या बैलाइले सांगू नोका. घोडा त्याइच्या मागं पडला असता तं त्याचं बी नाव खराब झालं असतं."

कोर्ट हसलं. मॅडमनी टेबलावर पेन आपटलं आणि घोड्याचा मुद्दा बाजूला ठेवला. आता कपिलकडे शेवटचा बाण होता आणि तो खरोखर जबर होता. तो नानाजींच्या कानाशी लागला. "मामा, आता फक्त एवढंच सांगा: हा चेक नव्हता, हे खेळणं होतं. फोटोसाठी केलं, पैसे द्यायचा विचारच नव्हता. सुटलात समजा."

मॅडमनी विचारलं, "आरोपीला काय सांगायचं आहे?"

नानाजी पिंजऱ्यात उठले. समोर गावाची आणि तांड्याची माणसं होती. तोंडाजवळ माईक नव्हता, पण माणसं होती. त्यांनी चेककडे पाहिलं. शिपायांनी धरलेला, पंख्याच्या वाऱ्याने किंचित फुगलेला, आपली दीड फुटी सही मिरवणारा चेक. घसा खाकरला.

"मॅडम, माहा भाचा म्हनते का हे खेळनं होय म्हना."

"मामा!" कपिल ओरडला.

"तू चूप बस बे! आयुष्यात एक चेक फाडला मी, तो खेळनं? हा नंबर पाहा, खरा! ही सही पाहा, खरी! लोकं वीतभराचे चेक देतात, अन् मी? मानसाएवढा देला! या जिल्ह्यात असा चेक कोनी देला असन तं दाखवा! कळंबच्या चिंतामनीची आन, हा चेक खरा हाये!"

टाळ्या पडल्या. सोनखांबच्या लोकांनी वाजवल्या, तांड्याच्या लोकांनी तर उठून वाजवल्या. निकिताबाई खाली मान घालून हळूच लिहून घेत होत्या. कपिलने आपली फाईल बंद केली आणि तिच्यावर डोकं टेकलं.

"मग," मॅडम म्हणाल्या, "चेक खरा, सही खरी, देणं खरं. खात्यात चारशे बारा रुपये. नानाजी, तुमच्याच तोंडून तुम्ही दोन वर्षांच्या दारात उभे आहात. फिर्यादी तयार असेल तर अजून तडजोड करता येईल. पैसे भरणार?"

नानाजींची छाती फुगली होती ती हळूहळू खाली बसली. टाळ्या संपल्या होत्या. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे विमलताई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या.

विमलताई उठून पुढे आल्या. "मॅडम, एक विचारू का? पैसे नाई भरले तं याइले किती दिवस ठेवान?"

"दोन वर्षांपर्यंत."

"जेवन तिकडचंच?"

"हो."

"कपडे?"

"तेही."

विमलताईंनी बोटं मोजायला घेतली. दोन वर्षांचा चहा, दोन वर्षांचा तंबाखू, दोन वर्षांचे पांढरे सदरे आणि त्यांना लागणारी नीळ. मॅडम थांबून होत्या. सगळं कोर्ट विमलताईंच्या बोटांकडे बघत होतं.

"परवडते, मॅडम," त्या म्हणाल्या. "न्या."

"अवो!" नानाजी म्हणाले. एवढा बारीक आवाज त्यांच्या गळ्यातून कधी कोणी ऐकला नव्हता.

निकिताबाईंना राहवलं नाही. "काकू, दंड दुप्पट होऊ शकतो. एक लाख दोन हजार. आणि वसुली त्यांच्या नावच्या वावरातून निघेल."

विमलताईंची बोटं थांबली. सातबारा नानाजींच्या नावावर होता. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. पैसे त्यांनी आणलेलेच होते, आदल्या दिवशीच काढलेले. पण बाजाराला आलेली बाई भाव केल्याशिवाय परत जात नाही.

"देतो एकावन्न हजार," त्या म्हणाल्या. "पन कागदात एक कलम माहं टाका. दोन वरीस याइनं माईकले हात लावाचा नाई."

मॅडम म्हणाल्या, असं कलम कायद्यात बसत नाही. निकिताबाई म्हणाल्या, दोन्ही पक्ष राजी असले तर तडजोडीच्या कागदात काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी पाहावं. भावसिंग म्हणाला, माझी हरकत नाही. मोतीबाई म्हणाली, पाच वर्षं लिहा.

आता सगळे नानाजींकडे बघायला लागले. त्यांनी सही केली की मोकळे. कपिलने पेन पुढे केलं. नानाजींनी ते घेतलं, कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबले. मग मान वर करून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं,

"मॅडम, जेलात माईक असते का?"

"नसतो."

"पंधरा ऑगस्टले बी नाई?"

"असला तरी तो जेलरच्या हातात."

नानाजींनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, एवढी शांतता त्यांच्या आसपास जन्मात झाली नव्हती. एकदा विमलताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर कडुलिंबाकडे बघत होत्या. पण पिशवीचे बंद त्यांनी दोन्ही मुठींत असे आवळले होते की बोटं पांढरी झाली होती. नानाजींनी सही केली.

कोर्टाबाहेरच्या टपरीवर भावसिंगने नोटा मोजल्या, मोतीबाईने पुन्हा मोजल्या आणि लुगड्याच्या आत ठेवल्या. विमलताईंनी सगळ्यांसाठी चहा आणि भजी सांगितली. नानाजी बाकाच्या टोकाला बसले होते, सभा संपल्यावर सतरंज्यांपाशी बसतात तसे.

भावसिंग त्यांच्या शेजारी सरकला. खिशात पैसे आले की माणसाला चिडवायचा जोर येतो. "नानाजी, होळीले तांड्यावर या. बाया गानं म्हनतात, रातभर नाचनं असते. औंदा तं मंडप टाकून राह्यलो. माईक बी हाये. दोन भोंग्याचा."

नानाजींची मान उचलली. खांदे मागे गेले, छातीत हवा भरली, तोंड उघडलं. टपरीवाला घाईने कपबशा आवरायला लागला. विमलताई बशीतल्या चहावर फुंकर घालत होत्या, फुंकर थांबली.

नानाजींनी ती भरलेली हवा सावकाश, सगळीच्या सगळी, नाकाने सोडून दिली.

"येईन," ते म्हणाले. "आयकाले येईन."

मोतीबाईने आपल्या पानातलं सगळ्यात मोठं भजं उचललं आणि नानाजींच्या पानात टाकलं.